सोडून दिलेला मासा

आमच्या नागपुरास समुद्र नाहीं. येथील माणसास मासेमारी म्हणून जी ठाऊक असते ती अंबाझरीच्या कांठीं गळ टाकून दुपारभर बसणाऱ्या एखाद्या स्वस्थचित्त गृहस्थाची, किंवा भंडारा-गोंदियाकडील जुन्या मालगुजारी तलावांत जाळें टाकणाऱ्या ढीवरांची. पहिली करमणूक व दुसरी उपजीविका, इतका भेद सर्वांस कळतो. परंतु दोहोंतही धरलेला मासा बहुधा चुलीपर्यंत जातो, आणि म्हणून त्याविषयीं नैतिक खल करण्याचें कारण सहसा कोणास पडत नाहीं. ज्यास मत्स्याहार मान्य आहे त्यास तो मासा मान्य असतो. ज्यास मान्य नाहीं तो दोहोंपासून दूर राहतो. परंतु जी मासेमारी चुलीसाठीं नाहीं, बाजारासाठीं नाहीं, आणि जींत धरलेला मासा मुद्दाम परत सोडला जातो, ती कोणत्या खात्यांत घालावी? हा प्रश्न आमच्यापुढें एका छायाचित्रानें उभा केला.

आमचे एक वकील स्नेही गेल्या हिवाळ्यांत सहकुटुंब अंदमानास जाऊन आले. मराठी कुटुंबें तिकडे जातात तीं प्रथम सेल्युलर जेल पाहण्यासाठीं. तें दर्शन झाल्यावर स्नेह्यांनीं स्वराज द्वीपाहून, म्हणजे ज्याला २०१८ पर्यंत हॅवलॉक म्हणत त्या बेटाहून, एक नौका भाड्यानें ठरविली व दोन दिवस खोल समुद्रांत मासे धरण्यांत घालविले. या खेळाचें साधन म्हणजे 'जिग'. जिग हा शिशाचा ओतलेला, रंगविलेला, माशाच्या आकाराचा लांबट तुकडा. वजन पाव किलो, कधीं त्याहूनही अधिक. तो दोरीला बांधून तळापर्यंत सोडावयाचा, आणि मग काठीला हिसके देत, रीळ फिरवीत, वर वर आणावयाचा. खालच्या अंधारांत तो जखमी मासोळीसारखा तडफडतो, आणि मोठा मासा त्याच्यावर तुटून पडतो. पुढें जी झटापट होते तींत माणसाचे दंड भरून येतात, पाठ मोडून जाते, आणि स्नेही म्हणतात त्याप्रमाणें, 'कोर्टांतलीं वीस वर्षें विसरावयास होतात.' तेथील पुष्कळ नौकांची रीत अशी कीं धरलेला मासा मोजावा, त्याचें छायाचित्र घ्यावें, व त्यास सोडून द्यावें.

असें एक छायाचित्र स्नेह्यांच्या बैठकींत भिंतीवर लागलें आहे. सुमारें शंभर मीटर खोलीवरून काढलेला एक मोठा गोब्रा त्यांनीं दोन्ही हातांवर तोलून धरला आहे. त्याचे डोळे बाहेर आले आहेत, आणि तोंडांतून फुग्यासारखा एक गुलाबी गोळा निघाला आहे. त्यांच्या लहान मुलीनें आमच्यादेखत विचारलें, 'बाबा, याच्या तोंडांत हें काय आहे?' 'जीभ आहे, बाळ,' असें ते म्हणाले, व आमच्याकडे वळून समाधानानें पुढें म्हणाले, 'पण आम्हीं त्याला सोडून दिलें हो. मारलें नाहीं.'

ती जीभ नव्हती. तें त्या माशाचें जठर होतें. समुद्रांत दर दहा मीटर खोलीमागें एका वातावरणाइतका दाब वाढतो. शंभर मीटरांवर तो पृष्ठभागावरील दाबाच्या अकरा पट असतो. गोब्रा, तांबोशी अशा माशांच्या पोटांत वायूनें भरलेली एक पिशवी असते. तिला वाताशय म्हणतात. या वायूस घशावाटे बाहेर पडण्यास मार्ग नसतो. तो रक्तांत हळूहळू शोषला जातो, आणि त्यास पुष्कळ वेळ लागतो. मासा कांहीं मिनिटांत वर ओढला गेला कीं बॉइलच्या नियमाप्रमाणें तोच वायु अकरा पट जागा मागूं लागतो. पिशवी फुगते, क्वचित् फुटते. जठर उलटून तोंडावाटे बाहेर येतें. असा मासा 'सोडला' तरी त्यास खालीं जातां येत नाहीं. तो पोट वर करून तरंगत राहतो, आणि शार्क, पक्षी किंवा ऊन यांपैकीं जें प्रथम पोंचेल त्याचा होतो. सुरमई, शार्क यांस वाताशयच नसल्यामुळें त्यांची गोष्ट निराळी. परंतु भिंतीवरचा मासा गोब्रा होता.

आम्हीं हें स्नेह्यांस सांगितलें. ते बराच वेळ कांहीं बोलले नाहींत. मग म्हणाले, 'तो थोडा वेळ तरंगत होता खरा. आमची नौका पुढें निघाली.' आणि नंतर : 'मग आम्हीं सोडलें तें काय?'

या प्रश्नाचें उत्तर देण्यापूर्वीं स्नेह्यांचा पक्ष मांडणें न्यायाचें होईल. तो त्यांनीं दुसऱ्या दिवशीं स्वतःच मांडला. त्यांचा पहिला मुद्दा असा कीं माशाला वेदना होते हेंच सिद्ध नाहीं. जेम्स रोझ या अमेरिकन शास्त्रज्ञानें २००२ मध्यें असें प्रतिपादन केलें कीं वेदनेची जाणीव मेंदूच्या ज्या थराशीं निगडित आहे तो थरच माशांस नाहीं. उलट पुढच्याच वर्षीं स्कॉटलंडांतील लिन स्नेडन व त्यांचे सहकारी यांनीं ट्राउट माशांच्या ओठांत मधमाशीचें विष व आम्ल टोंचून पाहिलें. ते मासे डोलूं लागले, खाण्यास उशीर करूं लागले, आणि कांहींनीं तर आपले ओठ तळच्या खडीवर घांसले. हा वाद अद्याप मिटलेला नाहीं. 'मग संशयाचा फायदा आरोपीस मिळालाच पाहिजे,' असें स्नेही म्हणाले. वकिलाच्या तोंडीं हा युक्तिवाद शोभला. परंतु त्यांत एक चूक आहे. न्यायालयांत संशयाचा फायदा आरोपीस देतात तो तो आरोपी आहे म्हणून नव्हे, तर निकाल चुकला असतां शिक्षा त्यास भोगावी लागते म्हणून. येथें निकाल चुकला तर शिक्षा कोण भोगतो? गळ ज्याच्या ओठांत आहे तो. तेव्हां तो फायदाही त्याचाच. १९६० च्या आपल्या प्राणिक्लेशप्रतिबंधक कायद्यानेंही 'प्राणी' या शब्दांत मनुष्येतर प्रत्येक सजीवाचा समावेश केला आहे. माशास वगळलेलें नाहीं.

दुसरा मुद्दा यांत्रिक नौकांचा. त्या एका खेपेंत जितके मासे काढतात तितके हौशी माणसाच्या आयुष्यांत निघत नाहींत, हें खरेंच. परंतु शेजाऱ्याचें मोठें कर्ज दाखवून आपलें लहान कर्ज फिटत नाहीं.

तिसरा मुद्दा सोडून देण्याचा. आणि विचार करण्याजोगा तोच आहे. याविषयीं जगांतील शहाण्या माणसांतही मोठें मतांतर आहे. हौशी मासेमाऱ्यांच्या जगांत मासा सोडणारा तो सज्जन व खाणारा तो कांहींसा गांवढळ, असा समज बळावला आहे. स्वित्झर्लंडनें मात्र २००८ च्या नियमांनीं, परत सोडण्याच्या हेतूनें मासा धरण्यासच मनाई केली. आणि जर्मनीच्या कायद्याप्रमाणें प्राण्यास दुःख देण्यास सबळ कारण असावें लागतें, अन्न हें कारण तेथें मानलें जातें, नुसती मौज मानली जात नाहीं. एकीकडे जें सौजन्य तेंच दुसरीकडे अपराध, हें कसें? आमच्या मतें याचें कारण असें कीं दोघे निरनिराळ्या गोष्टी मोजीत आहेत. सोडणारा जात मोजतो. गोब्रा सावकाश वाढतो. त्याच्या अनेक जातींत मादी वय वाढल्यावर नर होते, म्हणून मोठे मासे काढले गेले तर पुढच्या पिढीचाच तोटा होतो. कायदा करणारा व्यक्ति मोजतो : या एका जीवास कोणत्या प्रयोजनासाठीं दुःख दिलें, हें तो विचारतो. दोन्ही हिशेब आपापल्या जागीं योग्य आहेत. परंतु ज्या माशाचें जठर तोंडांत आलें आहे त्याच्या बाबतींत दोन्ही हिशेब सारखेच बुडतात. जातीला तो परत मिळाला नाहीं, त्यास स्वतःला जीव मिळाला नाहीं, आणि चुलीलाही कांहीं मिळालें नाहीं. मिळालें तें एवढेंच कीं सोडणाऱ्यास रात्रीं स्वस्थ झोंप लागली.

ही मौज आपल्याकडे नवीन आहे असेंही नाहीं. कल्याणीच्या चालुक्यवंशीय सोमेश्वर राजानें बाराव्या शतकांत रचविलेल्या 'मानसोल्लास' ग्रंथांत राजाच्या करमणुकींमध्यें 'मत्स्यविनोद' आहे, आणि त्यांत माशांच्या जाती व गळाला लावावयाचें आमिष यांचें बारकाईनें वर्णन आहे. त्याच्याहि पूर्वीं सुमारें चौदाशें वर्षें अशोकानें आपल्या पांचव्या स्तंभलेखांत ठराविक तिथींस मासे मारूं व विकूं नयेत अशी आज्ञा कोरविली. आमच्या विदर्भांतील देवटेकच्या शिळेवरही प्राण्यांस धरण्यास व मारण्यास मनाई करणारी आज्ञा आहे असें नागपूरच्या वासुदेव विष्णु मिराशींनीं वाचून दाखविलें. अशोकानें कोळ्याचें जाळें कायमचें गुंडाळून ठेवविलें नाहीं, हें लक्षांत घेण्यासारखें आहे. त्यानें त्यास मर्यादा घातली.

मर्यादा हाच या प्रश्नाचा गाभा आहे. भुकेस मर्यादा असते. पोट भरलें कीं हात आपोआप थांबतो. करमणुकीस अशी आंतली मर्यादा नाहीं. तींत 'पुढचा मासा' सदैव अधिक मोठा असतो. सोडून देण्याची रीत ही मर्यादा घालील असें वाटतें, पण पुष्कळदां ती उलट परवाना देते. मारावयाचेच नसतील तर दहा धरले काय व चाळीस धरले काय? म्हणून आम्हांस असें वाटतें कीं एक मासा धरून, त्यास तत्काळ मारून, खाऊन, दोरी गुंडाळणारा मनुष्य, दिवसभर सोडीत राहणाऱ्यापेक्षां निर्दोषतेच्या अधिक जवळ आहे. हें लिहितांना आम्हांस संकोच वाटतो, कारण आम्ही स्वतः मासे खातों, आणि आपल्या सोयीचें तत्त्व माणसास लवकर पटतें. तरीही विचार करून दुसरें उत्तर सांपडलें नाहीं.

मग सोडणें सर्वथा ढोंगच काय? तसेंही नाहीं. वजन लावलेला एक चिमटा माशाच्या जबड्यास अडकवून त्यास पुन्हां खोल नेतां येतें. तेथें दाबानें वायु आकसतो, चिमटा सुटतो, व पुष्कळ मासे पोहूं लागतात. मेक्सिकोच्या आखातांत खडकाळ तळावरचे मासे धरणाऱ्या नौकांनीं असें किंवा पोटांतील वायु काढण्याचें साधन जवळ बाळगावें, असा अमेरिकन कायदा २०२२ मध्यें अंमलांत आला. यांत यंत्रापेक्षां विचार महत्त्वाचा आहे. ज्याला ज्या ठिकाणाहून उचललें त्याला त्या ठिकाणीं पोंचविणें, याचें नांव सोडणें. हातांतून टाकणें हें सोडणें नव्हे. दया ही दया करणाऱ्याच्या मनांत पुरी होत नाहीं. ज्याच्यावर केली त्याच्यापर्यंत ती पोंचावी लागते, आणि ती पोंचली कीं नाहीं हें थांबून पाहावें लागतें. स्नेह्यांची नौका पुढें निघाली, एवढाच त्यांचा दोष. आणि हा दोष समुद्रावर न गेलेल्या आम्हां सर्वांच्याही दानांत, क्षमेंत व उपकारांत पुष्कळदां असतो.

स्नेह्यांनीं छायाचित्र भिंतीवरून काढलें नाहीं. मुलीस मात्र जवळ बसवून, ती जीभ नव्हती, हें त्यांनीं सांगितलें. तिनें विचारलें, 'मग तो खालीं गेला का?' 'नसेल गेला,' असें ते म्हणाले. पुढच्या हिवाळ्यांत पुन्हां जाण्याचा त्यांचा बेत अद्याप कायम आहे. परंतु परवां ते आम्हांस विचारीत होते कीं तो वजनाचा चिमटा येथें कोठें मिळेल.