जुने माप आणि नवा पाऊस

माप खोटे आहे हे ठाऊक असून जो व्यापारी तेच वापरतो, त्याच्या श्रमाला आपण कायक म्हणत नाही. पण माप मुळात खरे होते आणि काळाने ते चुकीचे ठरले, तर? शरणबंधूंनो, या प्रश्नाकडे दमणगंगेच्या काठाने जाऊ.

ही नदी दिंडोरी तालुक्यात सह्याद्रीत उगम पावून दमणला समुद्रास मिळते. वाटेत मधुबन धरण, आणि त्याच्या खाली टोकरखाड्याचे सिल्वासा शहर. ऑगस्ट २००४ मध्ये तिच्या महापुराने हा सारा खालचा काठ हादरला.

धरण राखणाऱ्याची अडचणही पाहू. जलाशय भरून ठेवला तर उन्हाळा निभावतो, पण पूर सामावण्यास जागा उरत नाही. जागा मोकळी ठेवली आणि पुढे पाऊस आलाच नाही, तर शेती व नळ दोन्ही तहानलेले. म्हणून कोणत्या तारखेस किती पातळी राखावी याचे कोष्टक असते. ते मागील पावसाच्या नोंदींवर बेतलेले असते. नोंदी खोट्या नव्हेत; पाऊसच बदलला. हवा एक अंशाने तापली की ती सुमारे ७ टक्के अधिक बाष्प धरू शकते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील शास्त्रज्ञांच्या पुढाकाराने २०१७ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात एकूण पाऊस घटला, पण विस्तृत प्रदेशावरील अतिवृष्टीच्या घटना तिप्पट झाल्या, असे त्यात दिसले.

आता न जाणण्याची सबब राहिली नाही. अभ्यासक पुढील पावसाचा एकच आकडा देत नाहीत, कमाल-किमान मर्यादा देतात. आकडा पक्का नाही म्हणून जुन्या कोष्टकाला चिकटणे, हाही एक निर्णयच; त्याची किंमत मात्र काठावरचा दुसराच कोणी भरतो. धरण स्थावर, नदी जंगम, हे आपण सहज म्हणतो. कोष्टकही नकळत स्थावर होऊन बसते, हे ध्यानात येत नाही.

सोलापुरास सिद्धरामेश्वरांनी तलाव केला, तेव्हा ते पाणी कोणा एकाचे नव्हते. मधुबनच्या पाण्याखाली तर आदिवासींच्या जमिनी गेल्या आहेत. कोष्टक नव्याने मांडताना त्यांचा, आणि खालच्या काठावरील झोपडीचा हिशेब कारखान्याच्या हिशेबाआधी व्हावा, असे मला वाटते. पाणी सोडण्याची सूचना त्या झोपडीपर्यंत तिच्या बोलीत, सामान हलवण्याइतक्या अवधीने पोहोचते का, हेही मोजमापातच धरले पाहिजे.