मनगटावरचा पट्टा आणि कमरेचा टेप

वजन कमी करू पाहणाऱ्याच्या मनगटावरचा पट्टा मुळात दोनच गोष्टी मोजतो. पट्ट्याच्या पोटातली त्वरणमापक चिप हाताला ठरावीक तालात बसणारे हिसके टिपते आणि त्या तालाला पाऊल समजते. पाठीमागे लुकलुकणारा हिरवा प्रकाश कातडीखालच्या रक्तप्रवाहातला चढउतार वाचून नाडीचे ठोके काढतो. बाकी पडद्यावर जे दिसते, म्हणजे चाललेले अंतर, जळालेल्या कॅलरी किंवा झोपेचे गुण, ते वय, उंची आणि वजन सूत्रात घालून काढलेले अंदाज असतात. मोजमाप आणि अंदाज पडद्यावर एकाच ठळक अक्षरात दिसतात, आणि वापरणाऱ्याची पहिली फसगत इथेच होते.

असे पट्टे आता हजार-दीड हजार रुपयांत यवतमाळ, पुसद, वणीच्या मोबाइल दुकानांत मिळतात. निवृत्त शिक्षक, दुकानदार, बँकेतले कर्मचारी, मुले शिकायला पुण्याला गेल्यावर घरी उरलेली आई अशा मंडळींच्या हातात ते दिसतात. पुष्कळदा ते मुलांनीच वाढदिवसाला पाठवलेले असतात. पट्टा चालण्याची प्रेरणा देतो आणि वजन उतरवतो, असे जाहिरात सांगते. या विधानाचे दोन तुकडे वेगळे करून पाहावे लागतात. पट्टा माणसाला चालायला लावतो, हे बऱ्यापैकी खरे आहे. तो वजन उतरवतो, हे फार थोडे खरे आहे. आणि चालायला लावणेही बहुधा तिथेच टिकते, जिथे त्या आकड्याची विचारपूस करणारे दुसरे कोणी असते.

आधी दहा हजार पावलांचा उगम पाहू, कारण पट्टा बांधला की पहिले लक्ष्य तेच असते. हा आकडा वैद्यकशास्त्रातून आलेला नाही. टोकियो ऑलिंपिकनंतर, १९६५ मध्ये, यामासा या जपानी कंपनीने कमरेला लावायचा पावलेमापक बाजारात आणला आणि त्याच्या नावातच दहा हजार पावले घातली. आकडा गोल होता, लक्षात राहणारा होता, म्हणून जगभर रुजला. त्याची पद्धतशीर तपासणी बरीच उशिरा झाली. आय-मिन ली आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अमेरिकी अभ्यासात सरासरी ७२ वर्षे वयाच्या १६,७४१ स्त्रिया होत्या. दिवसाला सुमारे २,७०० पावले चालणाऱ्यांच्या तुलनेत सुमारे ४,४०० पावले चालणाऱ्यांत मृत्यूचे प्रमाण ४१ टक्क्यांनी कमी आढळले. साधारण ७,५०० पावलांनंतर मात्र आणखी फायदा दिसला नाही. गुडघे दुखणाऱ्या साठीतल्या बाईला रोज रात्री ‘लक्ष्य अपूर्ण’ असा शेरा देणारा पट्टा म्हणजे जाहिरातीच्या आकड्यावर तिला नापास करणारा परीक्षक.

लक्ष्य असण्याचा उपयोग मात्र नाकारता येत नाही. पावलेमापकांवरच्या २६ अभ्यासांचा २००७ मध्ये एकत्रित आढावा घेतला गेला. यंत्र वापरणारे दिवसाला सरासरी दोन ते अडीच हजार पावले जास्त चालू लागले होते, आणि ठरलेले लक्ष्य समोर असणाऱ्यांत ही वाढ प्रामुख्याने दिसली. २०२२ मध्ये ‘लॅन्सेट डिजिटल हेल्थ’मध्ये आलेल्या मोठ्या आढाव्यातही दिवसाला सुमारे १,८०० पावलांची वाढ दिसली. वजनातली सरासरी घट मात्र होती सुमारे एक किलो.

पावले वाढूनही वजन एवढेच का उतरते? सत्तर किलोच्या माणसाने दहा हजार पावले टाकली तर ढोबळमानाने तीनशेच्या आसपास कॅलरी खर्च होतात. एक किलो चरबीत सुमारे ७,७०० कॅलरी साठलेल्या असतात. म्हणजे खाण्यात घासाचाही फरक न करता रोज एवढे चालले, तर एक किलो उतरायला जवळपास महिना लागतो. आणि खाण्यात फरक पडतोच. सकाळची फेरी संपवून चौकात दोन आलुबोंडे आणि साखरेचा चहा झाला, की चालून मिळवलेले तिथेच परत जाते. तर्रीपोह्यांची प्लेट त्याहून कमी पडत नाही. त्यात पट्ट्याचा कॅलरीचा आकडा सर्वांत कच्चा. स्टॅनफर्ड विद्यापीठाने २०१७ मध्ये साठ स्वयंसेवकांवर सात मनगटी यंत्रे तपासली. सातपैकी सहा यंत्रांनी नाडीचे ठोके पाच टक्क्यांच्या आतल्या चुकीने सांगितले. कॅलरीत मात्र सर्वांत अचूक यंत्रही सरासरी २७ टक्के चुकले आणि सर्वांत वाईट ९३ टक्के. पडद्यावर ‘४५० कॅलरी’ वाचून तेवढेच खाण्याची परवानगी स्वतःला देणारा माणूस ज्या हिशेबावर विसंबतो, त्याची दुसरी बाजू कोणी तपासलेलीच नसते.

या विषयावरचा सर्वांत बोलका प्रयोग पिट्सबर्ग विद्यापीठात झाला आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. १८ ते ३५ वयाचे, वजन जास्त असलेले ४७१ जण त्यात होते. सर्वांना कमी कॅलरींचा आहार, व्यायामाचे लक्ष्य आणि गटात समुपदेशन मिळाले. सहा महिन्यांनंतर निम्म्यांना दंडावर बांधायचे यंत्र दिले गेले. उरलेले आपल्या खाण्याची आणि व्यायामाची नोंद स्वतःच करत राहिले. दोन वर्षांनी यंत्र नसलेल्यांचे वजन सरासरी ५.९ किलोने उतरले होते, यंत्र असलेल्यांचे ३.५ किलोने. असे का झाले याचे पक्के उत्तर त्या प्रयोगातून मिळत नाही. एक शक्यता विचारात घ्यावी अशी आहे: हाताने नोंद करणाऱ्याला आपण काय खाल्ले ते दरवेळी आठवावे लागते, आणि ते आठवणे हाच उपचाराचा मोठा भाग असावा. खाण्याची वही रोज भरणाऱ्यांचे वजन न भरणाऱ्यांच्या जवळपास दुप्पट उतरल्याचे अमेरिकेतल्याच सुमारे १,७०० जणांच्या एका अभ्यासात २००८ मध्ये दिसले होते. पट्टा आठवण्याचे कष्ट वाचवतो, पण ताटात काय पडले ते त्याला कधीच कळत नाही.

पैसे दिले तर? सिंगापूरमध्ये तेरा संस्थांतल्या ८०० कर्मचाऱ्यांवर हाही प्रयोग झाला. काहींना नुसता पट्टा मिळाला, काहींना पट्ट्याबरोबर रोख बक्षीस, काहींच्या नावाने देणगी. बक्षीस सुरू होते तोवर रोख घेणारे जास्त हालचाल करत होते. सहा महिन्यांनी बक्षीस थांबले आणि वाढलेली हालचालही ओसरली. वर्षअखेरीस दहातल्या एखाद्याच्याच हातात पट्टा उरला होता, आणि वजन किंवा रक्तदाबात कोणत्याही गटाला फायदा झाला नव्हता. यवतमाळ जिल्ह्यात आकड्यामागे पैसा असला की काय होते, हे कापसाच्या वेचणीत दरवर्षी दिसते. संध्याकाळी बांधावर काटा लागतो, किलोमागे मजुरी मिळते, आणि म्हणून बाई दिवस मावळेपर्यंत पाठ मोडून वेचते. काटा उठला की वेचणीही संपते. किलोंची हौस म्हणून कोणी जास्तीचे तास वेचत नाही.

त्याच वेचणीत पट्ट्याची दुसरी मर्यादाही उघडी पडते. बोंडातून कापूस ओढताना दोन्ही हात सारखे हलतात, पाय मात्र दोन-तीन बोंडांमागे अर्धे पाऊल सरकतात. यातले काय पाऊल धरायचे हे यंत्राला उमजत नाही. डोक्यावरचा भारा एका हाताने धरून कोसभर चालणाऱ्या बाईचा तो हात स्थिर असतो, म्हणून तिची पुष्कळ पावले हिशेबात येत नाहीत. पाठीवर फवारणीचा पंप घेतलेल्या माणसाचा पंपाची दांडी हलवणारा हात तालात वरखाली होतो, आणि यंत्र जागच्या जागी पावले जोडत जाते. मनगटी यंत्र मोकळ्या हाताने चालणाऱ्या माणसासाठी घडवलेले आहे. शेतीच्या कष्टाचे माप त्याच्याकडून काढणे म्हणजे चुकीच्या मापाने मोजणे. त्यामुळे खेड्यातून शहरात आलेल्या, बापासोबत डवरणी केलेल्या आणि आता खुर्चीत बसणाऱ्या मधल्या पिढीसाठीच पट्टा काही अंशी उपयोगी ठरतो.

वजनाचा प्रश्न इथे आणखी एका कारणाने वेगळा आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातल्या २४ टक्के स्त्रिया वजन जास्त असणाऱ्या गटात होत्या आणि जवळपास १९ टक्के स्त्रिया प्रमाणापेक्षा हडकुळ्या. दोन्ही टोके एकाच तालुक्यात, कधी एकाच घरात सापडतात. शिवाय भारतीय शरीर किरकोळ दिसूनही आत चरबी बाळगते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचे २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापलेले छायाचित्र यासाठीच प्रसिद्ध आहे. दोघांचा उंची-वजन निर्देशांक अगदी सारखा, २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिन यांच्यात ९.१ टक्के, याज्ञिकांत २१.२ टक्के. मधुमेहाचा धोका वजनकाट्यापेक्षा पोटाच्या घेरातून जास्त कळतो तो यामुळे. भारतीयांसाठी ही मर्यादा पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटर धरली जाते. हे मोजायला शिंप्याकडचा टेप पुरतो, आणि कोणताही पट्टा हे मोजत नाही.

महाराष्ट्रात गेल्या दशकात वजन उतरवण्याची सर्वांत मोठी लाट यंत्राविनाच आली, हे इथे नोंदवण्यासारखे आहे. डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या मांडणीवरून डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी सांगितलेला क्रम सोपा होता: दिवसातून दोनदाच जेवा, जेवण ५५ मिनिटांत संपवा, मध्ये काही खाऊ नका, आणि ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चाला. दोनदाच जेवावे का, यावर आहारतज्ज्ञांत तीव्र मतभेद आहेत, आणि मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्याने असा बदल डॉक्टरांना विचारल्याशिवाय करणे धोक्याचे आहे. पण प्रेरणेच्या दृष्टीने त्या चळवळीची रचना पाहण्यासारखी आहे. लक्ष्य वेळ आणि अंतराचे होते. साडेचार किलोमीटर म्हणजे साधारण सहा हजार पावले, पण ती कोणी मोजत बसत नव्हते. वजन, कमरेचा घेर आणि रक्तातली साखर ठरावीक काळाने तपासायची होती. आणि व्हॉट्सअॅपच्या गटांत रोज कोणीतरी ‘आज चाललात का’ म्हणून विचारत होते.

पट्टा वापरायचाच असेल तर त्यातून घ्यायचे ते मोजके आहे. पहिला आठवडा काहीही न बदलता नुसती नोंद करावी, मग त्या सरासरीवर हजार-दोन हजार पावले वाढवावीत. कॅलरीचा रकाना पाहूच नये. सलग दिवसांची माळ तुटल्याचा इशारा बंद ठेवावा. पोळा ते दिवाळी या काळात माळ तुटणारच, आणि तुटली की पट्टा कपाटात जातो, हा सर्वत्रचा अनुभव आहे. मे महिन्यात पारा ४४ अंशांपलीकडे गेला असताना संध्याकाळी अपुरे लक्ष्य पुरे करायला बाहेर पडणे हा निव्वळ अविचार. तेव्हा फेरी पहाटे सहाच्या आत संपावी, नाहीतर लक्ष्यच खाली आणावे. वजन आठवड्यातून एकदा, सकाळी उपाशीपोटी घ्यावे, कारण मीठ आणि पाण्यामुळे ते एका दिवसात किलोभरही हलते. आणि पावलांचा आकडा घरातल्या किंवा शेजारच्या एका माणसाला रोज सांगावा.

तसा विचारणारा माणूस सरकारी व्यवस्थेतही आहे. तीस वर्षांवरील प्रत्येकासाठी आशाताई ‘सी-बॅक’ नावाचा तपासणी अर्ज भरतात. त्यात तंबाखू आणि दारूच्या प्रश्नांबरोबर कमरेचा घेर असतो, आणि आठवड्याला किमान दीडशे मिनिटे अंगमेहनत होते का, हाही प्रश्न असतो. गुण चारांपेक्षा जास्त झाले तर त्या व्यक्तीला रक्तदाब आणि मधुमेहाच्या तपासणीसाठी आधी पाठवायचे असते. झरी जामणीच्या कोलाम पोडावर (आदिवासी वस्तीवर) आणि यवतमाळच्या नव्या वसाहतीत तोच टेप आणि तोच अर्ज चालतो. त्यातली उणीव एवढीच की अर्ज भरला की पुष्कळदा विचारपूस थांबते. तेच माप दर तीन महिन्यांनी घेऊन आधीच्या मापाशेजारी लिहिले, तर त्याला लागणारा खर्च एका वहीचा आहे, आणि आशाताईंच्या त्या जास्तीच्या फेरीच्या मोबदल्याचा.