भोपळा, एरंड आणि केडगावचे बायबल

१८७८ साली कलकत्त्याच्या पंडितांनी रमाबाई डोंगरे यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हणून गौरवले. त्याच मुक्कामात तिथल्या ख्रिस्ती मंडळींनी त्यांना संस्कृत बायबलची एक प्रत दिली. आईकडून संस्कृत शिकलेली, पुराणे सांगत देशभर पायी हिंडलेली ही वीस वर्षांची मुलगी. पण ते पुस्तक तिला उमगेना. भाषा संस्कृत खरी, तरी तिच्या ओळखीची नव्हे. वाचणे म्हणजे वेळ दवडणे, असे तिला वाटले. हे रमाबाईंनीच पुढे लिहून ठेवले आहे. काही वर्षांनी, लग्नानंतर आसामातल्या सिल्चरच्या घरात त्यांना लूकच्या शुभवर्तमानाची लहानशी बंगाली पुस्तिका सापडली. ती मात्र त्यांनी आवडीने वाचली.

ख्रिस्ती धर्मग्रंथाचा इतिहास समजून घ्यायचा तर मी या दोन पुस्तकांपासून सुरुवात करीन. आपल्याकडे वेदाचा स्वरसुद्धा जपला गेला. इस्लामने कुराणाची अरबी जपली. ख्रिस्ती परंपरेत तसे जपण्यासारखे काही उरलेच नाही. येशू बोलत होता अरामी, आणि चारही शुभवर्तमाने आपल्यापर्यंत आली ती ग्रीकमध्ये. ‘अब्बा’, ‘गुलगुथा’ असे मोजके अरामी शब्द तेवढे मागे राहिले. मत्तय यशया संदेष्ट्याचा आधार घेतो, तोही ग्रीक भाषांतराच्या वळणाने: मूळ हिब्रू शब्दाचा अर्थ ‘तरुणी’, ग्रीक शब्दाचा ‘कुमारी’. पुढे या एका वचनावर केवढा वाद झाला! भाषांतर म्हणजे मूळ ग्रंथाची पडछाया, ही आपली नेहमीची समजूत इथे अपुरी पडते. इथे भाषांतर पायातच आहे.

तरीही प्रत्येक नव्या भाषांतराने लोक हादरले. ३८२ साली पोप दमासस यांनी जेरोम या विद्वानावर लॅटिन शुभवर्तमाने तपासून नीट करण्याचे काम सोपवले. पुढे बेथलेहेमला राहून त्याने जुना करार ग्रीकवरून नव्हे, थेट हिब्रूवरून लॅटिनमध्ये आणला. योना संदेष्ट्याच्या डोक्यावर देवाने ज्या झाडाची सावली धरली, ते जुन्या लॅटिन पाठात भोपळ्याचा वेल होते. जेरोमने तिथे आयव्हीची वेल घातली. आजच्या लिबियातल्या एका चर्चमध्ये हा पाठ वाचला गेला आणि लोक खवळले. धर्माध्यक्षाला जुना शब्द परत आणावा लागला, नाहीतर त्याची सारी मंडळी उठून गेली असती. ही हकिगत खुद्द ऑगस्टीनने जेरोमला पत्रातून कळवली. जेरोमने उत्तरादाखल त्या झाडाचे वर्णन केले: रुंद पानांचे, भराभर वाढणारे, दाट सावलीचे. अभ्यासकांच्या मते ते बहुधा एरंड असावे, आपल्या बांधाबांधावर उगवतो तोच.

त्या श्रोत्यांना हसावेसे मला वाटत नाही. त्यांचे अडले होते ते वनस्पतिशास्त्रापाशी नव्हे. जो शब्द वर्षानुवर्षे कानांवर पडला, तोच त्यांचा धर्म झाला होता. विद्वानाने हिब्रू दाखवून तो काढून घेतला, तेव्हा त्यांच्या हातचे काहीतरी गेले. आणि जेरोमचेही चुकले नव्हते. भाषांतरकाराला दोन धनी असतात, मूळ पाठ आणि समोरचा कान. दोघांचे एकाच वेळी समाधान होणे फार क्वचित.

मराठीत हा पेच पहिल्यांदा मोठ्या ताकदीने सोडवला तो इंग्लंडहून १५७९ मध्ये गोव्यात आलेल्या जेझुइट थॉमस स्टीफन्स यांनी. १६१६ मध्ये रोमी लिपीत छापलेले त्यांचे ‘क्रिस्तपुराण’ ओवीत आहे, आणि त्यात स्वर्गाला वैकुंठ म्हटले आहे. नवख्या ख्रिस्ती श्रोत्याला घरचा शब्द मिळाला. ते पुराण गोव्यात पिढ्यानपिढ्या गायले गेले.

पुढे केडगावला बायबलचे मराठी भाषांतर करताना रमाबाईंनी नेमकी उलटी वाट धरली. एकोणिसाव्या शतकातल्या मराठी बायबलची भाषा त्यांना संस्कृताने जड झालेली आणि हिंदू धर्मकल्पना वाहणारे शब्द वापरणारी वाटली. पुराणिकाच्या घरात वाढलेल्या या बाईला असा प्रत्येक शब्द आपल्यामागे कोणती कथा, कोणता विधी ओढून आणतो हे पाठ होते. पण हे संस्कृताच्या रागापोटी नव्हते. १८८३ मध्ये इंग्लंडमधल्या वाँटेजला बाप्तिस्मा घेतल्यानंतर क्रुसावर लॅटिन अक्षरे असावीत की नाही यावरून तिथल्या मठातल्या सिस्टरशी त्यांचा वाद झाला. आमच्या लोकांना लॅटिन काय कळणार, अक्षरे हवीत तर संस्कृत असोत, असा त्यांचा हट्ट होता. त्रैक्यासारख्या सिद्धांतावरही बिशपांच्या शब्दाखातर त्या मान डोलवायला तयार नव्हत्या. त्यांच्या भाषांतराचे मूळ मला या हट्टात दिसते. इंग्रजी बायबल समोर होते, त्यावरून मराठी करणे सोपे होते. त्याऐवजी चाळिशी उलटल्यावर त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या.

समोरचा कान कोणाचा, हेही त्यांनी ठरवून टाकले होते. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून त्यांनी केडगावच्या आपल्या मुक्ती सदनात आणलेल्या मुली आणि बाया, पुढे गुजरातच्या दुष्काळातल्या. कालपरवा अक्षर ओळखायला लागलेल्या. एका स्त्रीने सगळे बायबल मूळ भाषांतून आणावे, हे जगातही दुर्मीळ होते. अमेरिकेत ज्युलिया स्मिथ यांचे इंग्रजी भाषांतर १८७६ मध्ये निघाले होते, एवढे एक उदाहरण मला ठाऊक आहे.

हिंदू धर्मकल्पना वाहणारे शब्द टाळण्याच्या निर्णयाची किंमत पडली, हे मान्य केले पाहिजे. शब्दाच्या अंगावरचे जुने संस्कार खरवडले की त्याचा नादही थोडा जातो. स्टीफन्सची ओवी लोकांच्या तोंडी बसली. रमाबाईंचे बायबल तसे बसले नाही. आज बहुतेक मराठी चर्चमध्ये बायबल सोसायटीची आवृत्तीच वाचली जाते. तरीही रमाबाईंचा प्रश्न मला अधिक मोलाचा वाटतो. घरचा शब्द द्यायचा, पण घर कोणाचे? ज्या बाईला पुराण ऐकायची मुभा होती आणि वेद उच्चारायची नव्हती, तिच्या घरात तो शब्द कोणत्या दाराने आला होता? आपल्या समाजेतिहासात रमाबाई विधवांचा आधार म्हणून येतात, धर्मांतरावरच्या वादळात येतात. त्यांच्या सतरा-अठरा वर्षांच्या या अभ्यासाला मात्र एखादी ओळ मिळते. मराठी गद्याचा आणि मराठीतल्या ग्रंथविद्येचा इतिहास लिहिणाऱ्यांनी ही उणीव भरून काढायला हवी. जेरोमच्या नावाशेजारी पावला या रोमन विधवेचे नाव घेतात. तिने त्याचा मठ उभारायला पैसा दिला आणि हिब्रू शिकून ती स्तोत्रे त्याच भाषेत गायली. केडगावला पावला आणि जेरोम एकाच व्यक्तीत होते.

१९२१ मध्ये मनोरमा, त्यांची एकुलती मुलगी, गेली. ५ एप्रिल १९२२ ला रमाबाई गेल्या. काम अखेरच्या दिवसांपर्यंत चालू होते. संपूर्ण बायबल १९२४ मध्ये बाहेर पडले. छापखाना मुक्ती सदनाचाच, केडगावचा, आणि त्यात राबणारे हात बायकांचे. खिळे जुळवताना अक्षरे उलटी वाचावी लागतात. म्हणजे या बायबलची पाने रमाबाईंच्या पाठोपाठ ज्यांनी वाचली, त्यांनी ती आरशात दिसावीत तशी, एकेक अक्षर बोटांनी उचलून वाचली.