चौघींची एक पाटी

माथेरानच्या स्टेशनातून बाहेर पडून महात्मा गांधी मार्गाला लागलं, की गल्ल्यांच्या तोंडाशी लहान लहान पाट्या दिसायला लागतात. ‘घरगुती जेवण मिळेल’, ‘राहण्याची सोय, गरम पाणी’, ‘ऑर्डरप्रमाणे पुरणपोळी’. कुठली पत्र्याची, कुठली प्लायची, तर एखादी नुसत्या पुठ्ठ्यावर मार्करनं लिहिलेली. खाली बाण आणि मोबाइल नंबर. एका पावसाळ्यात त्यांची रया जाते. तांबड्या मातीचे शिंतोडे उडतात ते खालच्या ओळीवर, आणि नंबर नेमका त्याच ओळीत असतो.

परवा अशाच एका खांबापाशी मी थांबले होते. खांबाला तारेनं बांधलेल्या चार पाट्या, चारही बाण एकाच बोळाकडे. म्हणजे पाटी रंगवायचे पैसे चार घरांनी चारदा दिलेले. तेवढ्यात अमन लॉज स्टेशनहून आलेल्या गाडीतलं एक कुटुंब बॅगा ओढत तिथवर आलं. त्यांनी पाट्यांकडे पाहिलंही नाही. मक्याची कणसं भाजणाऱ्या बाईला त्यांनी विचारलं, “मावशी, घरचं जेवण कुठे मिळेल हो?” तिनं कणीस फिरवता फिरवताच मान वळवून बोळ दाखवला.

मोटारगाड्या दस्तुरी नाक्यावरच थांबतात, त्यामुळे या गावात माणूस बहुतेक पायीच हिंडतो. पायी हिंडणारा माणूस पाटी वाचण्याआधी समोरच्याला विचारतो. इथली खरी जाहिरात ही अशी तोंडीच चालते. पण पाहुणा गाव गाठण्याआधीच, मुंबईत किंवा पुण्यात घरी बसून कुठे उतरायचं ते ठरवत असतो, तेव्हा कणीसवाली मावशी त्याच्याजवळ नसते. तिथे छापलेला कागद लागतो, चांगला फोटो लागतो, फोनवरच्या जाहिरातीला पैसे लागतात. दोन खोल्या भाड्यानं देणाऱ्या किंवा दिवसाला दहा ताटं करणाऱ्या बाईला हा खर्च एकटीनं पेलत नाही. शनिवार-रविवारी घर भरतं. जूनच्या मध्यावर नेरळहून वर येणारी गाडी बंद होते ती थेट पावसाळा संपेपर्यंत. तेव्हा अमन लॉजपासून पुढची शटल तेवढी चालू असते. त्या दिवसांत आडवारी चार घरांत मिळून एक पाहुणा आला तरी पुष्कळ.

अशा चौघींनी मिळून एक पत्रक काढलं तर? हिशोब सरळ आहे. छपाईत पैसा लागतो तो पहिल्या प्रतीला. मजकूर जुळवणं, प्लेट करणं, मशीन लावणं, हे सगळं शंभर प्रतींसाठीही तेवढंच आणि हजारांसाठीही तेवढंच. पुढच्या प्रतींना वाढतो तो मुख्यतः कागद. म्हणून चौघींनी चार वेगवेगळी पत्रकं छापली, तर चारदा पहिल्या प्रतीचे पैसे मोजावे लागतात. फोटो काढणाऱ्याला चारदा बोलावलं तरी तीच गत.

पैशाची बाजू एवढीच, आणि ती कोणालाही पटते. वर्गणी काढणं बायकांना नवीन नाही. भिशी आहे, बचत गट आहेत. तरीही एकत्र जाहिरातीचं बोलणं निघालं की घोडं अडतं. मला वाटतं, याचं कारण भिशीतच सापडेल. भिशीत प्रत्येकीची पाळी येते आणि पाळीला तितकीच रक्कम हातात पडते. जाहिरातीत सारखी वर्गणी भरूनही फोन एकीलाच पाच येतात आणि दुसरीला एकही नाही. कोणाचं नाव वर, कोणाचं खाली, यावरून मनं दुखावतात. ही दुखणी क्षुल्लक नाहीत. ज्या घराचा महिना त्या दोन खोल्यांवर चालतो, त्या घराला नावाचा क्रम हा जगण्याचाच प्रश्न वाटणार. दर छपाईला क्रम बदलता येतो, ज्या घराचा पाहुणा भरपूर त्यानं पुढच्या वेळी जास्त वर्गणी द्यावी असंही ठरवता येतं. बसून बोललं तर यातून वाट निघते.

त्याहून अवघड गोष्ट मला ओळखीच्या एका काकूंनी सांगितली. त्या दोन खोल्या देतात. मी एकत्र पत्रकाचं काढल्यावर त्या थोडा वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, “अगं, पैशाचं काही नाही. पण तिच्या घरी चादर मळकी निघाली, तर पाहुणा कागद काढून बघणार. त्यावर माझंही नाव.”

शेजारणीच्या नावाला लागून आपलं नाव छापलं, की आपण तिला जामीन राहतो. काकूंचं ते वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही.

‘लिज्जत’च्या बायकांनी हा जामीन कसा सांभाळला, ते पाहण्यासारखं आहे. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावात सात जणींनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. पहिल्या दिवसाचा माल चार पाकिटं. पुढे हजारो घरांतून पापड लाटले जाऊ लागले, तरी पाकिटावर नाव एकच राहिलं आणि जाहिरातही त्या एकाच नावाची झाली. हे टिकलं, कारण पीठ मळलं जातं केंद्रावर. तिथून ते बायका घरी नेतात आणि लाटलेले पापड परत आले की तपासून घेतले जातात. नाव एक ठेवायचं तर पीठ एक हवं, हे त्यांनी जाणलं. माथेरानच्या चार घरांना एक पीठ मळता येणार नाही. एकीची खोली वडिलोपार्जित कौलारू घरातली, दुसरीची नव्या स्लॅबखालची, तिसरी मुळी खोल्या देतच नाही, जेवण करते. त्यांना सारखा ठेवता येईल तो फक्त खरेपणा. जे आहे ते लिहायचं, भाडं आधीच सांगायचं.

आणि माथेरानला जामिनकीची ही गोष्ट मी नव्यानं सांगायला नको. १८ मार्च २०२५ ला हे गाव बेमुदत बंद झालं होतं. दस्तुरी नाक्यावर पर्यटकांची दिशाभूल होते, फसवणूक होते, ही तक्रार होती. नाक्यावर चार जणांनी चुकीची माहिती दिली, तर पाहुणा घरी जाऊन त्यांची नावं सांगत नाही, ती त्याला ठाऊकही नसतात. तो म्हणतो, माथेरानला फसवतात. म्हणून गावानं आपणहोऊन शटर खाली ओढली. प्रशासनाशी बोलणी झाल्यावर बंद मागे घेतला गेला. बंद म्हणून त्याची बातमी झाली. मला मात्र ती या गावानं मिळून भरलेली वर्गणी वाटते. प्रत्येक दुकानानं आपली कमाई सोडली ती सगळ्यांच्या नावासाठी, आणि ज्याच्या हातून कधी कोणी फसलं नव्हतं, त्यानंही तितकीच सोडली.

एकमेकांवर भरवसा ठेवण्याची आणखी एक गोष्ट इथल्याच माणसाची आहे. स्वातंत्र्यसैनिक भाई कोतवाल याच गावात जन्मले, १ डिसेंबर १९१२ ला. सिद्धगडावरचं त्यांचं हौतात्म्य आपल्याला माहीत असतं. त्याआधी कर्जतच्या भागात सावकाराच्या दारात जाणाऱ्या शेतकऱ्यांसाठी त्यांनी धान्यकोठीची व्यवस्था उभी केली होती, ही गोष्ट तितकीशी बोलली जात नाही. एका कोठीत आपलं धान्य दुसऱ्याच्या धान्यात मिसळायचं, म्हणजे त्याचं किडकं नसेल एवढा भरवसा ठेवायचा. अडचणीच्या दिवसांत लोकांनी तो ठेवला, याचं मला फार मोल वाटतं.

काकूंकडे मी पुन्हा गेले, तेव्हा त्यांनी नातीच्या वहीतलं एक पान पुढे केलं. पेन्सिलीनं चार घरं लिहिली होती. भाडं, जेवण शाकाहारी की मांसाहारी, स्टेशनपासून चालत किती मिनिटं. स्वतःच्या घरापुढे त्यांनी ‘संडास अंगणात आहे’ असं लिहून खाली रेघ मारली होती.

मी म्हटलं, “काकू, हे छापायलाच हवं का?”

“छापायचं. रात्री पाऊस असला की म्हाताऱ्या माणसाला त्रास होतो. त्याला वर आल्यावर कळण्यापेक्षा खालीच कळू दे.”

तिसऱ्या घराच्या पुढे ‘जिना अरुंद’ असं लिहिलं होतं. ते अक्षर काकूंचं नव्हतं. त्या घरातली वहिनी सकाळी येऊन स्वतः लिहून गेली होती. चौथ्या घराची जागा कोरी होती. तिला विचार करायला वेळ हवा होता, म्हणून पान अजून छापखान्यात गेलेलं नाही. काकूंनी ते गणपतीच्या फोटोमागे खोचून ठेवलं आहे.