हा की तो?

मी अहिंसक माणूस. त्यात तत्त्व वगैरे काही नाही, मूळचाच भित्रा. झुरळ निघालं की मी स्टुलावर चढतो आणि तिथून सौ.ला दिशा दाखवतो. असा मी गेल्या उन्हाळ्यात चांगला अर्धा तास एका रिव्हॉल्व्हरचा रंग पसंत करत बसलो होतो, हे आमच्या वाड्यात कुणाला पटणार नाही.

त्याचं असं झालं. आम्ही ह्यूस्टनला मुलीकडे गेलो होतो. तिचे शेजारी मोठे अगत्याचे गृहस्थ. एका संध्याकाळी त्यांनी मला कॉफीला बोलावलं आणि कॉम्प्युटरवर एक फोटो दाखवला. त्यांच्या आजोबांचं पॉइंट अडतीसचं स्मिथ अँड वेसन. आजोबा पोलिसात होते. हे मॉडेल कंपनीने १८९९ साली काढलं आणि पुढे कित्येक वर्षं तिकडच्या पोलिसांच्या कमरेला तेच असे. रोज कातडी होल्स्टरमधून आत-बाहेर करून नळीच्या टोकाचा काळा रंग उडाला होता आणि खालचं पोलाद पांढरं पडलं होतं.

तो मूळचा काळा म्हणजे रंग नव्हेच म्हणे, गंज! पोलाद कढत क्षारांत बुडवून त्यावर मुद्दाम काळा गंज चढवायचा, म्हणजे तांबडा सहसा धरत नाही. देवी टोचण्यातलाच प्रकार. आता मात्र सिरॅमिकचा लेप फवारून भट्टीत भाजतात, आणि त्यात शेकड्याने छटा. जुन्या वस्तूला नवा रंग दिला की शौकिनांच्या बाजारात तिची किंमत उतरते, शिवाय आजोबांच्या हाताची खूण जाणार. म्हणून गृहस्थ आधी पडद्यावर रंगवून बघत होते. "तुम्हाला काय वाटतं?" त्यांनी विचारलं.

मत विचारल्यावर जो गप्प राहील तो मराठी माणूस कसला! मी खुर्ची पुढे ओढली. 'मिडनाइट ब्ल्यू' चढवला, तर थेट चंद्रकळाच. मी म्हटलं, भडक वाटतो. 'स्नायपर ग्रे' हे नाव ऐकून दचकलो, पण रंग आमच्या ऑफिसातल्या लोखंडी कपाटाचा निघाला. मग 'ग्रॅफाइट ब्लॅक'. नळीला हा, चक्रीला तो, चाप तेवढा चकचकीत ठेवून पाहिला, नको वाटला, एक बटण दाबून परत काळा केला. मूठ आक्रोडाचीच ठेवा, असं मी बजावलं. "आणि चकाकी नको, मॅट घ्या. डाग दिसत नाहीत," हे मी ज्या अधिकारवाणीने सांगितलं ती केवळ फ्रीज घेतेवेळी कमावलेली होती.

घरी येताना मात्र पायरीवर अडखळलो. मी हे काय करून आलो? साड्यांच्या दुकानातला जुना जाणता विक्रेता "घेणार का?" असं कधीच विचारत नाही. तो दोन साड्या उलगडतो आणि विचारतो, "हा रंग, की तो?" त्या क्षणापासून 'नको' हे उत्तर गल्लीत उभं राहतं. माझंही तसंच झालं. पडद्यावर सगळ्या छटा बघायला मिळाल्या. ती वस्तू जे काम करते ते मात्र आधी बघून परत पुसायची सोय नव्हती, आणि रंगांच्या गडबडीत मला त्याची आठवणही झाली नाही.

आता तुम्ही म्हणाल, एवढं कसलं सोवळं? संग्रहालयात तलवारीच्या मुठीवरची सोन्याची नक्षी बघून आपण "वा!" म्हणतोच की. म्हणतो खरे. तिच्या पात्याने काय केलं, हे काचेवरची चिठ्ठी सांगत नाही आणि आपणही विचारत नाही. शिवाय ती तलवार कुणाच्या घरात नसते.

हे सगळं तत्त्वज्ञान मी रात्री सौ.ला ऐकवलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "ते ठेवतात कुठे?"

"काय?"

"पिस्तूल हो! कुलपात असतं का? गोळ्या वेगळ्या ठेवतात का? आपला नातू रोज खेळायला जातो त्या घरी."

रात्रभर मला झोप नाही. तिकडचे बालरोगतज्ज्ञच सांगतात, की मूल दुसऱ्याकडे खेळायला धाडण्यापूर्वी हे विचारावं. पण विचारायचं कसं? रंगाबद्दल बोलायला माझं इंग्रजी वाहत होतं. या एका वाक्याला सकाळी घशात शब्द सापडेना. शेवटी कसंबसं विचारलं.

गृहस्थ क्षणभर माझ्याकडे बघत राहिले. मग मला आत नेऊन लोखंडी तिजोरी दाखवली. गोळ्या दुसऱ्या खोलीत, वेगळ्या कुलपात. "इतकी मुलं येतात इथे," ते म्हणाले, "पण हे विचारणारे तुम्हीच पहिले."

मी फुशारून गेलो. हा प्रश्न सौ.चा, हे सांगायचं राहूनच गेलं.

दारापर्यंत पोचवायला आले तेव्हा म्हणाले, "मग ग्रॅफाइट ब्लॅक नक्की ना?"

म्हटलं, "घरात विचारून सांगतो."