मोकळ्या वाराचं दर्शन

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात खुलताबादच्या रस्त्यावर नाताळच्या सुट्टीत वेरूळ पाहायला निघालेली कुटुंबं, नव्या वर्षाची सुरुवात देवदर्शनाने करणारे भाविक आणि शाळांच्या सहली, असे सगळे एकाच वेळी येऊन भिडतात. भद्रा मारुती, तिथून चार-पाच किलोमीटरवर घृष्णेश्वर, त्याच्या शेजारी लेणी आणि वर म्हैसमाळ, हे सगळं एका दिवसात होतं. त्यामुळे जो तो तोच एक दिवस धरतो. त्यात शनिवार आला की मारुतीची रांग वाढतच जाते. सुट्टीला गर्दीच्या प्रसिद्ध ठिकाणी जावं की आडबाजूच्या निवांत जागी, हा विचार गुलमर्गला बर्फावर घसरायला जाणारी मराठी कुटुंबंही आता करतात. त्यांच्यापुढचा प्रश्न सोयीचा आणि जिवाच्या काळजीचा असतो. देवाच्या दारी मात्र तोच प्रश्न धर्माचा होतो. गर्दीचा दिवस टाळून मोकळ्या वारी घेतलेलं दर्शन कमी प्रतीचं ठरतं का? धक्के खाल्ल्याशिवाय पुण्य लागत नाही, असं बोलता बोलता म्हणणारे पुष्कळ आहेत. माझं म्हणणं याच्या नेमकं उलट आहे. ज्याला वार निवडता येतो, त्याने गर्दीचा वार सोडावा, आणि हे त्याने धर्म म्हणून करावं.

याचं कारण गर्दीच्या स्वभावात आहे. 25 जानेवारी 2005 रोजी, पौष पौर्णिमेच्या यात्रेत, सातारा जिल्ह्यातल्या मांढरदेवीला काळुबाईच्या डोंगरावर अडीचशेहून अधिक माणसं गेली. 1 जानेवारी 2022 च्या पहाटे, नव्या वर्षाचं पहिलं दर्शन घ्यायला जमलेल्यांपैकी 12 जण वैष्णोदेवीला दगावले. 29 जानेवारी 2025 ला, मौनी अमावास्येच्या पहाटे, प्रयागराजच्या संगमावर सरकारी आकड्यानुसार 30 भाविकांचा जीव गेला. तिन्ही घटना हिवाळ्यातल्या, तिन्ही पर्वकाळच्या. अशा दुर्घटनेला आपण चेंगराचेंगरी म्हणतो, आणि माणसं घाबरून पळाली, एकमेकांना तुडवत गेली, असं चित्र डोळ्यांपुढे आणतो. गर्दीचा अभ्यास करणारे वेगळं सांगतात. चौरस मीटरला पाच-सहा माणसांपेक्षा जास्त दाटी झाली की कोणाचीच हालचाल त्याच्या स्वतःच्या हाती राहत नाही. मागचा रेटा लाटेसारखा पुढे सरकतो, छाती फुगवायला जागा उरत नाही आणि अनेकजण उभ्या उभ्या गुदमरून जातात. मागे असलेल्याला पुढे काय चाललंय ते कळत नाही. त्याला फक्त एवढंच जाणवतं की रांग थोडी सरकली, म्हणून तोही एक पाऊल पुढे टाकतो. त्याच्या मनात वाईट काही नसतं. तो नामस्मरण करत असतो, कडेवरचं मूल सांभाळत असतो. तरी त्याच्या त्या एका पावलाचं वजन पुढच्या कुणाच्या तरी बरगड्यांवर जाऊन पडतं.

धर्माच्या दृष्टीने हा प्रसंग फार अवघड आहे. आपल्याकडे कर्माचा हिशेब बहुतेक वेळा हेतूवरून लावला जातो. हेतू शुद्ध असला की कर्म बाधत नाही, अशी आपली समजूत असते. गर्दीत हजारो शुद्ध हेतूंची बेरीज होऊन एखाद्याचा प्राण जातो आणि दोष कुणा एकाच्या पदरात टाकता येत नाही. पण दोष वाटला जात नाही म्हणून जबाबदारी संपत नाही. आत शिरल्यावर शहाणपणाने वागायला फारशी जागा राहत नाही, मग ते शहाणपण घरून निघण्यापूर्वीच वापरायला हवं. आज जायचं की परवा, हा निर्णय घेताना माणूस पूर्ण मोकळा असतो. गर्दीच्या बाबतीत विवेक चालवण्याची खरी वेळ तीच.

खुलताबादच्या मातीत या विवेकाला आधार भरपूर आहे. भद्रा मारुतीची कथाच पाहा. इथे भद्रावती नगरी होती, तिचा राजा भद्रसेन रामभक्त होता, तो भजनात रंगला असता मारुती ऐकायला आला आणि ऐकता ऐकता भावसमाधीत आडवा झाला, असं स्थानमाहात्म्य सांगतं. राजाने विनवलं आणि देव तिथेच राहिला. त्या कथेत एक गाणारा आहे आणि एक ऐकणारा. आज गाभाऱ्यात शेंदूर लावलेली, रुईच्या माळांनी झाकलेली ती मूर्ती पहुडलेली आहे. उभी मूर्ती मागच्या माणसालाही चार डोक्यांवरून दिसते. आडव्या मूर्तीचं तसं नाही, जवळ जाऊन नजर खाली न्यावी लागते, तेव्हा कुठे मुखापासून पायांपर्यंतचं रूप डोळ्यांत मावतं. पर्वणीच्या दिवशी पुढे सरकवले जाताना काही क्षणांत हे साधत नाही. (अशीच निजलेली हनुमंताची मूर्ती प्रयागराजलाही आहे, संगमाजवळ, किल्ल्यापाशी. 2025 ची ती दुर्घटना त्याच परिसरात घडली, हे मनाला फार लागतं.) खुलताबादजवळच शूलिभंजनचा डोंगर आहे. देवगिरीवर जनार्दनस्वामींच्या सेवेत असलेल्या एकनाथांनी गुरूच्या आज्ञेने या डोंगरावर अनुष्ठान केलं, अशी परंपरा आहे. खुलताबादला चिश्ती सुफींची मोठी गादी होती. बुऱ्हानुद्दीन गरीब 1337 मध्ये इथेच निवर्तले. चाळीस दिवस एकांतात बसण्याचा चिल्ला चिश्तींच्या साधनेत आहे. गीतेच्या तेराव्या अध्यायात ज्ञानाची लक्षणं सांगितली आहेत, त्यांत निर्जन जागी राहणं आणि माणसांच्या गर्दीत मन न रमणं ही दोन्ही मोजली आहेत. एकांतात देव भेटतो, हे या परिसरातल्या कुठल्याही परंपरेला नव्याने शिकवायला नको.

यावर वारकरी आक्षेप घेईल आणि त्याचा आक्षेप वजनदार आहे. महाराष्ट्राची भक्ती समूहाची आहे, टाळ एकट्याचा वाजत नाही, नाथही शेवटी डोंगरावरून उतरून पैठणला माणसांत आले, असं तो म्हणेल. हे सगळं खरं आहे. पण वारी आणि दाटी या दोन गोष्टी एक नाहीत. आळंदी ते पंढरपूर हा सुमारे अडीचशे किलोमीटरचा रस्ता दिंड्या चालतात तेव्हा प्रत्येक दिंडीचा क्रमांक ठरलेला असतो, रथापुढची कोणती आणि रथामागची कोणती हे ठरलेलं असतं, मुक्काम ठरलेले असतात. समाज आरतीच्या वेळी चोपदाराने चोप उंचावला की एवढा जनसमुदाय क्षणात शांत होतो. एवढी शिस्त ज्या परंपरेत आहे, तिने रेटारेटीला भक्ती मानलेलं नाही. आणि शेवटच्या रांगेत जे उभे राहू शकत नाहीत त्यांच्यासाठी तिनेच वाट ठेवली आहे. कळसाचं दर्शन घेऊन, नामदेव पायरीला हात लावून माघारी फिरणारा वारकरी आपली वारी अपुरी मानत नाही. आषाढीची वारी मोठी, पण कार्तिकी, माघी आणि चैत्रीही आहेत, आणि महिन्याच्या महिन्याला शुद्ध एकादशीला जाणारेही आहेत. आमच्या पूर्वजांनी भक्ती वर्षभर पसरून ठेवली होती. तिला दोन-चार दिवसांत कोंबायची घाई आपण केली.

दुसरा आक्षेप काळाचा. हनुमान जयंतीची पहाट ती हनुमान जयंतीचीच, श्रावणातला शनिवार तो श्रावणातलाच. बुधवारी त्याची सर कशी येणार? मी पर्वकाळाचं महत्त्व नाकारत नाही. खुलताबादमध्येच जैनुद्दीन शिराझी यांच्या दर्ग्यातला पैगंबरांचा पेहराव म्हणून जतन केलेला वस्त्रावशेष वर्षातून एकदाच, ईद-ए-मिलादच्या दिवशी दर्शनाला काढतात. ज्याला ते दर्शन हवं त्याला दिवस बदलता येत नाही. पण भद्रा मारुती वर्षभर तिथेच पहुडलेला आहे आणि घृष्णेश्वराचं ज्योतिर्लिंग बुधवारी वेगळं होत नाही. पुरुषांनी वरचे कपडे उतरवून ज्या लहानशा गाभाऱ्यात जायचं, त्याच्या भिंती महाशिवरात्रीला रुंद होत नाहीत. अहिल्याबाईंनी जीर्णोद्धार केला त्या काळात मंदिरात येणारी माणसं किती आणि आज किती! शास्त्रांनीही आजारी, वृद्ध, प्रवासी यांना सवलती दिल्या आणि मानसपूजेला पूजा मानलं. तेव्हा तिथी हे निमंत्रण आहे. त्या तिथीला जाता आलं नाही म्हणून देव रागावतो, असं सांगणारी भक्ती मला तरी भीतीवर उभी वाटते.

देवाच्या दारी मरण आलं तर भाग्यच, असंही कोणी म्हणतं. मांढरदेवीला नारळाच्या पाण्याने निसरड्या झालेल्या पायऱ्यांवर ज्यांची माणसं गेली, त्यांच्या घरी जाऊन हे वाक्य उच्चारण्याची हिंमत कोणाला होईल? स्वतःपुरतं कोणी तसं म्हटलं तरी आपल्या पुढे उभ्या असलेल्या अनोळखी बाईचं मरण आपल्या श्रद्धेच्या हिशेबात धरण्याचा हक्क कुणालाही नाही.

सर्वांत टोचणारा आक्षेप वेगळाच आहे. मोकळा वार निवडणं हे गाडी आणि रजा असलेल्यांचे चोचले आहेत; रोजंदारीवरच्या मजुराला, कारखान्यातल्या कामगाराला, शेताच्या कामातून एखादा दिवस काढणाऱ्याला जत्रेचाच दिवस मिळतो. हा आक्षेप मला शंभर टक्के मान्य आहे आणि माझं सगळं म्हणणं त्यावरच उभं आहे. हनुमान जयंतीच्या आदल्या रात्री छत्रपती संभाजीनगरहून पंचवीस-सव्वीस किलोमीटर पायी निघणारे जे असंख्य लोक आहेत, त्यांच्यापैकी अनेकांनी वर्षभर तो एक दिवस धरून ठेवलेला असतो. श्रावणातल्या शनिवारीही असेच जथे रात्रभर चालतात. पाय सुजलेले, हातात चप्पल, पहाटे देवळाच्या रांगेत. त्या रांगेत ज्याला आठवड्याचे सातही दिवस मोकळे आहेत असा माणूस गाडीतून उतरून उभा राहतो, तेव्हा चालत आलेल्याच्या वाट्याची जागा आणि हवा तो कमी करतो. पैसे भरून वेगळ्या रांगेतून आत जाणं हा त्यावरचा उपाय होऊ शकत नाही, त्याने तर सामान्य रांग आणखी थांबते. वार सोडणाऱ्याने कुणाचंच काही घेतलेलं नसतं, उलट जागा करून दिलेली असते. अन्नछत्रात आपलं पोट भरलेलं असताना आपण पंगतीतून उठतो, तेवढाच साधा हा आचार आहे. त्याला दान म्हणायचं असेल तर म्हणावं. पावती न मिळणारं दान आहे ते.

प्रशासनाचं काम प्रशासनाने करावंच. जाण्या-येण्याचे मार्ग वेगळे ठेवणं, रांग टप्प्याटप्प्यावर थांबवणं, वाहनतळ लांब ठेवणं, यात ढिलाई झाली तर जाब विचारायला हवा. पण सगळं नीट केलं तरी गाभारा तेवढाच राहतो.

निवांत जागेचीही एक बाजू उघडपणे मांडायला हवी. गर्दी नाही म्हणजे धोका नाही, असं समजणं चुकीचं आहे. 1 फेब्रुवारी 2023 रोजी गुलमर्गला अफरवातच्या उतारावर हिमस्खलनात दोन पोलिश स्कीपटूंचा मृत्यू झाला, तो वर्दळीच्या नेहमीच्या उतारापासून दूर. म्हैसमाळच्या वाटेवर घाट आहे, हिवाळ्यात सकाळी धुकं उतरतं, अंधार पडल्यावर वर्दळ संपते आणि मोठं रुग्णालय गाठायला शहरच गाठावं लागतं. गिरिजादेवीचं आणि बालाजीचं दर्शन घेऊन उजेड असतानाच खाली उतरावं. शिवाय निवांत म्हणून नावाजलेली जागा सगळ्यांनी एकाच रविवारी गाठली तर तिचंही वेरूळ होतं; पावसाळी सुट्टीत म्हैसमाळला हे घडतंच, आणि कास पठारावर तर फुलांच्या हंगामात रोजच्या माणसांची संख्या ठरवून द्यावी लागली. म्हणून आपल्यापुरती गुपित जागा शोधण्यात मला फारसा अर्थ दिसत नाही. त्याच देवाला, त्याच लेण्यांना वर्षातले उरलेले दिवस वाटून देणं हे सगळ्यांनी केलं तरी बिघडत नाही, आणि एखादा आचार सर्वांनी पाळल्यावरही चांगला राहतो की नाही, ही त्याची पुरेशी कसोटी आहे.

मुलं स्वतःचा वार निवडू शकत नाहीत, त्यांचा वार मोठी माणसं निवडतात. डिसेंबर-जानेवारी हा आपल्याकडे शालेय सहलींचा हंगाम. दोन-तीन एसटी गाड्या भरून आलेली पाचवी-सहावीची मुलं, एकमेकांचा हात धरून मोठ्यांच्या रेट्यात उभी, आणि बाहेर मोजदाद करत घामाघूम झालेले शिक्षक, हे दृश्य पाहिलं की काळजात धस्स होतं. दर्शनही नीट होत नाही, लेणीही नीट दिसत नाहीत. कैलास लेण्याच्या प्रांगणात उभं राहून वरून खाली कोरत आलेलं ते अख्खं मंदिर समजून घ्यायला मुलांना अर्धा तास तरी शांतता हवी. मुख्याध्यापकांना माझी विनंती आहे की भद्रा मारुती-वेरूळची सहल शनिवारी, रविवारी, आणि नाताळ ते 1 जानेवारी या आठवड्यात काढू नये. सोमवारी घृष्णेश्वराला गर्दी असते आणि मंगळवारी वेरूळची लेणी बंद असतात. बुधवार, गुरुवार, शुक्रवार उरतात.