सहीमागचा कर्ता

इमारतीच्या ड्रॉइंगच्या कोपऱ्यातल्या चौकटीत तीन सह्या असतात: काढणाऱ्याची, तपासणाऱ्याची आणि मंजुरी देणाऱ्याची. डिझाइन कंपन्यांची गुणवत्ता-व्यवस्था मुख्यतः या चौकटीवर उभी असते. एकाची नजरचूक दुसऱ्याने पकडावी, हा तिचा हेतू. पण तीन सह्या झाल्या की कर्तेपणही तिघांत वाटले जाते का?

१७ जुलै १९८१ रोजी अमेरिकेतील मिझुरी राज्यातल्या कॅन्सस सिटीच्या हयात रीजन्सी हॉटेलात दोन टांगते पादचारी मार्ग कोसळून ११४ माणसे मेली. मूळ ड्रॉइंगप्रमाणे छतापासून निघालेली एकच लांब सळी चौथ्या मजल्यावरच्या मार्गातून आरपार जाऊन दुसऱ्या मजल्यावरचा मार्गही पेलणार होती. इतक्या लांब सळीवर आटे पाडणे अडचणीचे, म्हणून पोलादकाम करणाऱ्यांनी एका सळीच्या दोन केल्या आणि खालचा मार्ग वरच्या मार्गाच्याच तुळईला टांगला गेला. छतावरचा भार तेवढाच राहिला. मात्र वरच्या तुळईखालच्या नटवर तो दुप्पट झाला. कागदावर ही दोन रेघांची हालचाल. बदललेल्या ड्रॉइंगवर इंजिनीअरच्या कार्यालयाचा तपासणीचा शिक्का होता. सळी आणि तुळईचा मूळचा जोडही नियमाने सांगितलेल्या भाराच्या साधारण ६० टक्केच पेलू शकला असता, हे चौकशीत निघाले. जोडाचे गणित करायचे कोणी, यावरच पुढे वाद झाला.

कर्ता कोण, या प्रश्नावर गीतेचा अठरावा अध्याय कर्माची पाच कारणे सांगतो: अधिष्ठान (आधार), कर्ता, करण (साधने), चेष्टा (क्रिया) आणि दैव. केवळ स्वतःला कर्ता मानणाऱ्याला तिथे दुर्मती म्हटले आहे. हा विचार सही करणाऱ्याला सोयीची पळवाट वाटू शकतो. चूक पाचांची, मग एकट्याला दोष का? पण त्याच अध्यायात, थोडे आधी, नियत कर्म मोहाने टाकणे हा तामस त्याग ठरवला आहे. सोडायचा तो अहंकार. वाट्याला आलेले काम नव्हे. ‘पुढचा बघेल’ म्हणून न केलेली तपासणी याच तामस त्यागात मोडते, आणि ती बाहेरून नम्रतेसारखी दिसते म्हणून अधिक घातक.

खरी तपासणी म्हणजे आधीच्याचे आकडे न पाहता छतापासून पायापर्यंत भाराची वाट स्वतः चालून जाणे, आणि बदल झाला की पुन्हा पहिल्यापासून. हयात प्रकरणात मिझुरीतील निकालानेही १९८५ मध्ये जबाबदारी शिक्का मारणाऱ्या इंजिनीअरांवरच ठेवली. तिथले त्यांचे परवाने गेले.